गाव्राकाकांचा चौथा पट्टा

"चोर आलाच असेल, तर त्याला चार पाय आहेत," लाझा म्हणाला. "आणि शेपूट."

विदानं वाकून पाहिलं. काकांच्या जुन्या मोटारीच्या बोनेटवर आणि चाकांभोवती काल संध्याकाळी भुरभुरलेला मैदा जसाच्या तसा होता. उमटली होती ती फक्त मांजराची पावलं. आठवडाभर रोज हेच. विदा, तिचा धाकटा भाऊ लाझा आणि शेजारची इलोन्का, तिघांचा पहारा मैद्याचा होता.

महिनाभरात मोटारीच्या इंजिनाचे, पंखा आणि डायनामो फिरवणारे, दोन पट्टे तुटले होते. गाव्राकाकांनी गुन्हेगार केव्हाच ठरवला होता: कुंपणापलीकडचा फेरेंक, इलोन्काचा बाप. मागच्या वर्षी हंसांवरून भांडण झालं, तेव्हापासून तो चाकूनं पट्टे कातरतो म्हणे. आता बसवलेला तिसराही तुटला, तर दोन अंगणांमधलं फाटक खिळे ठोकून बंद करायचं, असं काकांनी जाहीर केलं होतं. चालायला लागल्यापासून विदा त्याच फाटकातून इलोन्काकडे जात आली होती.

त्या सकाळी काका पावाच्या दुकानाकडे निघाले. गाडी कोल्ह्यासारखी हुंई करत कोपऱ्यापर्यंत गेली आणि फट्‌ आवाज झाला. ती ढकलत अंगणात आणल्यावर काका पायीच बाजारात हातोडी आणि खिळे आणायला गेले.

विदानं तुटलेला पट्टा उचलला. कडा चाकूच्या नव्हत्या. फाटून दोरे निघाले होते. डायनामोच्या पुलीला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं.

"एवढी गरम?" इलोन्का पुटपुटली. तिचा बाप विहिरींचे पंप दुरुस्त करी. "बाबा म्हणतात, पट्टा फार ताणला की बेअरिंग रडतं."

विदाला काका आठवले. ते तंबुरा वाजवत. पट्टा बसवताना कान लावून त्यांनी बोटानं तो छेडला होता आणि तो तारेसारखा खणखणीत वाजेपर्यंत डायनामो बाहेर ओढत राहिले होते.

डिकीत चौथा पट्टा होता. मधेच कुणी गाडी सुरू करू नये म्हणून तिची किल्ली विदानं आपल्या खिशात टाकली. पुली निवल्यावर इलोन्कानं पान्यानं डायनामोचे बोल्ट सैल केले आणि तो आत ढकलला. विदानं पट्टा तिन्ही पुल्यांवर चढवला. लाझानं फावड्याचा दांडा अडकवून डायनामो बाहेर ओढून धरला.

"अजून?"

"थांब." इलोन्कानं दोन पुल्यांच्या मधोमध अंगठा दाबला. पट्टा बोटाच्या जाडीएवढा खाली गेला. "बस. एवढाच." तिनं बोल्ट आवळले.

विदा पाहतच राहिली. बोटाएवढी रबराची पट्टी. तिच्यावर पंखा, पाण्याचा पंप, दिवे, अख्खी मोटार. आणि सगळं एका अंगठ्याच्या मापावर.

काका हातोडी घेऊन आले. त्यांनी पट्टा छेडला. नुसता थप्‌ आवाज आला.

"हा तर पार बेसूर आहे."

"धरणापर्यंत जाऊन या," विदा किल्ली पुढे करत म्हणाली. "गाडी रडली, तर फाटक मी स्वतः ठोकते."

त्यांनी इंजिन चालू केलं. हुंई नाही. नुसती एकसारखी, खोल घरघर, जणू मोठं जनावर पोटभर खाऊन झोपलंय. काका धरणाकडे निघाले. अर्ध्या तासानं गाडी तशीच घरघरत परत आली. इंजिन बंद झाल्यावर पंखा थांबेपर्यंत काका थांबले, मग डायनामोवर तळवा ठेवला. कोमट होता. त्यांनी अंगठ्यानं पट्टा दाबला, पुन्हा दाबला.

"म्हणजे तीनही मीच तोडले," ते हळूच म्हणाले.

"पिठावर मांजर सोडून कुणीच आलं नव्हतं, काका," लाझा म्हणाला.

हातोडीच्या आवाजासाठी कान लावून फेरेंक कुंपणाशी येऊन उभा होता. फाटकातून आत येऊन त्यानं पट्टा चाचपला. "नवं रबर ताणून सैल पडतं. उद्या पुन्हा बघा," तो मुलींना म्हणाला. "पण हात चांगला आहे. माझ्या पंपांच्या कामावर यायला हरकत नाही."

काकांनी खिळ्यांची पुडी विदाच्या हाती दिली.

"फाटकाची बिजागरी सैल झालीय," ते म्हणाले. "दोघींनी मिळून घट्ट करा. पण तुमच्या मापानं, माझ्या नको."