रिकामं सोडलेलं बटण

"रतनआजी, तुमची सविता खरंच पळून गेली का?"

हे विचारून दाखव, अशी पैज मैत्रिणींनी लावली होती. मी विचारलं. कॅमेरा चालू ठेवून.

हे आजच घडलंय. वेळ कमी आहे, म्हणून भराभर लिहितेय. खोटं वाटलं तर माझ्या मैत्रिणीला, अपेक्षाला विचारा, ती शेजारीच होती.

रविवार, दुपारचे साडेतीन. कामशेतमधली भाताची बंद गिरणी. रतनआजी इथं कामाला होती. अकरा वर्षांपूर्वी तिची लेक सविता तिचा डबा घेऊन आली. माझ्याएवढीच होती. नंतर कुणालाच दिसली नाही. गाव म्हणालं, पळाली. त्याच हंगामात, तुसाची खोली भरलेली तशीच सोडून, गिरणीला कुलूप लागलं. आजी अजून रोज दुपारी पायरीवर येऊन बसते.

"न्हाई पळाली," ती एवढंच बोलली.

मी शाळेसाठी गोष्ट बनवत होते. वर व्हिडिओ, खाली मजकूर, शेवटी दोन बटणं. जे दाबाल तिकडे गोष्ट वळते. वर्गात हे फक्त मलाच जमतं. घरी येऊन 'पळाली'ला क्लिप जोडली. 'पळाली नाही' रिकामंच सोडलं. माझ्याकडे पुढे काही नव्हतंच.

अपेक्षाने नेमकं तेच दाबलं.

आणि... व्हिडिओ सुरू झाला.

अंधारी खोली. समोर उघडं दार. उंबऱ्यापर्यंत भाताचा तूस. बाहेरून आजीचा आवाज... "सवेऽ..."

"हे कधी शूट केलंस गं?"

"मी नाही केलं."

खाली अक्षरं उमटली... 'आये, हितं हाय.'

क्लिप डिलीट करायला गेले. यादीत ती नव्हतीच.

अपेक्षाच्या पोटात काही राहत नाही. तासाभरात रतनआजी आमच्या दारात.

"येकदाच दाव, बाय."

दाखवलं. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा. पुन्हा.

मग माझ्या लक्षात आलं... दर वेळी तूस वर चढत होता. आधी उंबरा बुडाला. मग कडी. आता दारात वीतभर उजेड.

"आजी, नका दाबू."

"बोलती हाय गं ती माझ्यासंगं."

मी मोबाईल हिसकावला. ती माझे पाय धरायला वाकली.

मी स्क्रीनवर खाली बघितलं... नवी ओळ होती.

'आये, दाबू नगं. ये.'

आई-बाबा दारात उभे होते.

"उद्या शाळेत काही देणार नाही मी," मी म्हणाले. "गिरणीत जाणारे, आजीबरोबर. तुसाची खोली उकरायला. आत्ता. बाबा, फावडी दोन घ्या."