तीनशे सत्तेचाळीस गुन्हे

"हा डबा घरातून उचला, आजच्या आज. दुरुस्त नाही झाला तरी चालेल. मला तो डोळ्यांसमोर नको."

सकाळी साडेनऊचा फोन. डॉक्टरीणबाईंनी दुकानाचं शटर निम्मंच वर केलं होतं. त्या काही खऱ्या डॉक्टर नव्हत्या; नाडी बघायच्या ती कॉम्प्युटरची. गल्लीने थट्टेत ठेवलेलं हे नाव दुकानाच्या पाटीपेक्षा जास्त चाललं, आणि बाईंनाही ते मनातून आवडायचं.

"स्क्रीनवर दिसतंय काय?" त्यांनी विचारलं.

"ते फोनवर सांगण्यासारखं नाही," पलीकडची बाई म्हणाली आणि फोन बंद झाला.

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दार सुनेने उघडलं. ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. पांढरा कोट हातावरच होता, निघण्याच्या घाईत. घरात माणसं चार. ती, तिचा नवरा, नऊ वर्षांची मुलगी आणि सासरे. कॉम्प्युटर सासऱ्यांच्या खोलीत.

खोलीच्या फरशीवर टेबल ओढत नेल्याचे ताजे ओरखडे होते. टेबल नातीचं. ते आता स्वयंपाकघरात ओट्याला चिकटून उभं होतं, वर वह्या आणि तेलाची बरणी शेजारी-शेजारी. आजोबा खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसले होते. कुणी आत आलं तरी त्यांनी मान वळवली नाही.

सुनेने बटण दाबलं आणि स्वतः बाजूला बघायला लागली. स्क्रीनवर हिरव्या ढालीचं चित्र आलं आणि त्याखाली लाल पाटी. "या संगणकावर ३४७ अश्लील फायली सापडल्या. वापरणाऱ्याने नको त्या ठिकाणांना वारंवार भेट दिली आहे." खाली यादी. यादीतली नावं इथे लिहिण्याजोगी नाहीत. शेवटी, सफाईसाठी कार्डाचा नंबर भरा, अशी विनंती.

"कधीपासून?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तीन आठवडे."

"वापरतं कोण?"

"बाबा. शब्दकोडी सोडवतात, जुनी गाणी ऐकतात. मुलगी गृहपाठाला बसायची. आता नाही बसत." शेवटचं वाक्य तिने ठासून म्हटलं. "आम्ही दोघं मोबाइलवरच असतो."

"पेन ड्राइव्ह आहे घरात?"

"नाही."

"बाबांना विचारलंत?"

सुनेने आवाज खाली आणला. "काय विचारू? यादी वाचून दाखवू? ह्यांनी विचारलं एकदा. बाबा 'असं होय' म्हणाले आणि खिडकीकडे बघत बसले. ताई, खोटा आळ आला तर माणूस ओरडेल ना? आणि मी दिवसभर मशीनचे रिपोर्टच काढते. मशीन खोटं बोलत नाही. माणसं बोलतात."

डॉक्टरीणबाई वायरी काढायला खाली वाकल्या. डब्याच्या मागे त्यांच्याच दुकानाचा गोल स्टिकर होता.

"तुम्हीच साफ करून दिला होतात की मागे," सून म्हणाली.

"हो. पंख्यातून मूठभर धूळ निघाली होती," बाई म्हणाल्या. आपल्या हातचं काम अजून टिकून आहे, हे पाहून त्यांना बरं वाटलं.

निघताना त्यांनी खुर्चीपाशी जाऊन हळूच विचारलं, "काका, तुम्ही नकळत काही उघडलं होतंत का?"

"आठवत नाही," आजोबा म्हणाले.

नाही उघडलं, असं ते म्हणाले नाहीत. खरं सांगायचं तर तेव्हा डॉक्टरीणबाईंच्याही मनात पाल चुकचुकली. माणसाचं वय झालं म्हणजे तो सोवळा झाला असं थोडंच आहे, असा विचार करत त्या जिना उतरल्या. त्या विचाराची पुढे त्यांना फार लाज वाटली.

दुकानात आल्यावर त्यांनी डबा टेबलावर घेतला आणि इंटरनेट न जोडताच सुरू केला. लाल पाटी हजर.

यादीतली पहिली फाइल कुठे आहे ते पाटीवरच लिहिलं होतं. बाईंनी ती जागा उघडली. तिथे फाइल नव्हती. ज्या फोल्डरचं नाव दिलं होतं, तो फोल्डरसुद्धा नव्हता. दुसरी नाही, दहावी नाही, शंभरावी नाही. ब्राउझरच्या नोंदी तपासल्या. शब्दकोडी, गाणी, हवामान, आणि "मोतीबिंदूनंतर वाचन कधी सुरू करावं" असा एक प्रश्न.

मग त्यांनी कपाटातून कोरी हार्ड डिस्क काढली. तिच्यावर ना फाइल, ना फोटो, ना कुणा माणसाचा हात लागलेला. तिच्यावर डब्यातली ही ढाल बसवली आणि तपासणीचं बटण दाबलं.

सापडल्या, तीनशे सत्तेचाळीस. तीच नावं, त्याच क्रमाने.

चोरांपासून राखायला ठेवलेला राखणदारच भामटा होता. त्याला काही शोधता येत नव्हतं, फक्त ओरडता येत होतं. माणूस घाबरला, लाजला, की चारचौघांत बभ्रा होण्याआधी गुपचूप कार्डाचा नंबर भरतो. सगळा धंदा त्या लाजेवर चालायचा.

काढायला तासभर लागला. कॉम्प्युटर सुरक्षित पद्धतीने सुरू केला, म्हणजे नेमक्या गरजेपुरताच. तेव्हा ढालीला आपोआप उठता येत नाही. मग प्रोग्रॅम उखडला, त्याने मागे ठेवलेली पिल्लं शोधून काढली, कॉम्प्युटरबरोबर आपोआप सुरू होणाऱ्यांच्या यादीतून त्याचं नाव खोडलं. नंतर खात्रीच्या प्रोग्रॅमने दोनदा तपासलं. डबा स्वच्छ.

पण उखडण्याआधी त्यांनी दोन गोष्टी कागदावर टिपल्या होत्या. ढाल बसवली, अठरा मार्च, दुपारी चार वाजून दहा मिनिटं, पेन ड्राइव्हवरून. आणि ढालीला मिळालेला हुकूम, कुणी तपासणीचं बटण दाबलं नाही तर नव्वद दिवस गप्प राहा.

त्यांनी सुनेला फोन लावला.

"अठरा मार्चला दुपारी चारला घरी कोण होतं?"

"अठरा? बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. सतराला दवाखान्यात नेलं, एकोणीसला आणलं. आम्ही दोघं तिथेच होतो. मुलगी मावशीकडे. घराला कुलूप."

"किल्ली आणखी कुणाकडे?"

"कुणाकडेच नाही. का हो?"

बंद घर, आत चिटपाखरू नाही, आणि चार वाजून दहा मिनिटांनी कुणीतरी पेन ड्राइव्ह लावतं. वाचकांनी इथे थांबून डोकं खाजवलं तर हरकत नाही, डॉक्टरीणबाईंनीही खाजवलं. मग त्यांनी डबा फिरवला आणि मागची बाजू दिव्याखाली धरली.

फोनवर सून "ताई? ताई?" करत होती.

"शनिवारी दुपारी येते," त्या अखेर म्हणाल्या. "सगळे घरी असा. नातीलाही कुठे पाठवू नका."

शनिवारी दुपारी त्या डबा आणि ती दुसरी डिस्क घेऊन गेल्या. सून, तिचा नवरा आणि आजोबा, तिघांनाही खोलीत बसवलं. नात दाराच्या उंबऱ्याशी उभी राहिली. आत ये म्हणून तिला कुणी सांगितलं नाही, जा म्हणूनही नाही.

"ही डिस्क कोरी आहे, हिच्यावर फक्त ती ढाल बसवलीय," बाई म्हणाल्या. "आता बघा."

ढाल ओरडली. तीनशे सत्तेचाळीस. सुनेने या वेळी तोंड फिरवलं नाही. तिने यादी वरून खालपर्यंत वाचली, आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"म्हणजे बाबांनी..." ती म्हणाली.

"काकांनी काहीही केलेलं नाही. ही पाटी कुणाच्याही घरी हेच सांगेल. अगदी न्यायाधीशाच्या घरीसुद्धा."

नवऱ्याने सुटकेचा श्वास सोडला आणि लगेच पुरुषी शहाणपणा दाखवला. "चला, सुटलो. पण ही पीडा घातली कुणी? बाबा, तुम्हीच कोड्यांच्या नादात काहीतरी दाबलं असणार. वयच आहे तुमचं."

"असेल," आजोबा म्हणाले. "माझ्याच हातून झालं असेल."

झालं, प्रकरण मिटलं. डॉक्टरीणबाईंनी नुसती मान हलवली असती तर त्यांच्या हाती चहाचा कप आला असता, आणि नाव शाबूत राहिलं असतं. क्षणभर त्यांची मान हलायच्या बेतात होती. ते त्यांनी नंतर स्वतःच कबूल केलं.

"नाही काका. ढाल अठरा मार्चला बसली. त्या दिवशी तुमच्या डोळ्याला पट्टी होती आणि घराला कुलूप होतं."

"मग बंद घरात कोण शिरलं?" नवरा म्हणाला.

"कुणीच नाही. कॉम्प्युटर घरात नव्हता."

सुनेचा हात तोंडाशी गेला. "ऑपरेशनच्या गडबडीत... तो आम्ही तुमच्याकडे..."

"धूळ काढायला दिला होता. मागच्या स्टिकरवर तारीख आहे, अक्षर माझं आहे. चार वाजून दहा मिनिटांनी तो माझ्या टेबलावर होता आणि पेन ड्राइव्ह माझा होता." बाईंनी कुणाकडे न बघता पुढचं सांगितलं. "माझ्या चांगल्या प्रोग्रॅमची मुदत संपली होती. एका जाहिरातीत हा फुकट मिळाला. मी तपासला नाही. तेव्हा त्याचं नाव आणि चित्र वेगळं होतं, म्हणून परवा ओळखलाही नाही. गिऱ्हाईक खूश होईल म्हणून प्रत्येक डब्यात वरून घालून दिला. तो नव्वद दिवस गप्प बसला, म्हणून कुणाला माझी आठवण आली नाही. चोर मीच आहे. आणि त्या दिवशी इथून जाताना मीसुद्धा काकांवरच संशय घेतला."

डॉक्टरीणबाईंना वाटलं, कुणीतरी ओरडावं, शिव्या द्याव्यात, म्हणजे मनावरचं ओझं उतरेल.

"बाबा, तुम्ही एकदा तरी नाही म्हणायचं होतंत," सून म्हणाली. ती आता रडत होती.

आजोबांनी पहिल्यांदाच खुर्ची वळवली. "तीस वर्षं कोर्टात साक्षी टाइप केल्या मी. 'मी नाही केलं.' हे वाक्य इतक्या वेळा टाइप केलंय की त्याची किंमत मला ठाऊक आहे. खराही तेच म्हणतो, खोटाही तेच. पहिला आठवडा मला खात्री होती. मग वाटायला लागलं, एवढं मशीन सांगतंय, पोटची माणसं मानतायत, तर झालंही असेल. म्हातारपणी काय विसरतो माणूस, सांगता येतं का? पोरगी दारातून जायची आणि मला तिच्याकडे बघायची लाज वाटायची."

"लॅबमध्ये एक आकडा वेडावाकडा आला तर आम्ही नमुना दुसऱ्यांदा लावतो," सून म्हणाली. "अनोळखी माणसाचासुद्धा. तुमच्यासाठी मी एकदाही नाही लावला."

नवऱ्याकडे या वेळी शहाणपण शिल्लक नव्हतं. तो उठला, स्वयंपाकघरात गेला, आणि टेबल ओढल्याचा आवाज यायला लागला. नात त्याच्यामागे वह्या उचलायला धावली.

आजोबा डॉक्टरीणबाईंकडे वळले. "अशी किती घरं?"

"एकतीस."

"आणि सगळीकडे ही पाटी?"

"आतापर्यंत निम्म्यांकडे तरी सुरू झाली असेल. तुमच्याशिवाय एकाचाही फोन आला नाही मला. मला वाटलं, कुणाला त्रास नसेल."

"त्रास नाही म्हणून नव्हे, लाज वाटते म्हणून नाही आला," आजोबा म्हणाले. "लावा फोन. इथूनच लावा. मी बसतो शेजारी."

बाईंनी मोबाइल टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला. पहिलं नाव होतं शाळेतल्या गणिताच्या मास्तरांचं, करड्या आवाजाबद्दल प्रसिद्ध असलेल्या माणसाचं.

"मास्तर, कॉम्प्युटरवाली बोलतेय. तुमच्याकडे कधी लाल पाटी..."

पलीकडे चपलांचा आवाज, एक दार लावल्याचा आवाज. मास्तर आले ते कुजबुजत.

"ताई, हात जोडतो. घरात कुणाला सांगू नका. मी रोज सगळे उठायच्या आत ती पाटी बंद करतो. मी काही केलेलं नाही हो, शपथ घेतो. पण कोण विश्वास ठेवणार माझ्यावर?"

आजोबा फोनवर वाकले.

"मी ठेवतो विश्वास," ते म्हणाले. "तुम्ही आधी ते दार उघडा, मास्तर, आणि घरातल्या सगळ्यांना फोनपाशी बोलवा. या बाईंना काहीतरी सांगायचंय."