पावाला तार सुटली

पाकाला तार सुटते हे ठाऊक आहे. पावाला सुटलेली कुणी पाहिलीय? शलाकानं कालचा पाव मोडला आणि दोन तुकड्यांच्या मधोमध चिकट धागे लोंबायला लागले. वर वास कसला, तर पिकून उतरलेल्या खरबुजाचा. आता खरबूज राहिलं पृथ्वीवर आणि ही माणसं राहणार चंद्रावरच्या वसाहतीत. इथे खरबूज आणणार कोण?

भट्टी शलाकाच्या कमलआत्याची. तिच्या पावाला नाव ठेवायची कुणाची छाती नव्हती. पण तारा दिसल्या आणि सगळ्यांना कंठ फुटला. कुणी म्हणालं भट्टी घाण आहे, कुणी म्हणालं चंद्राच्या धुळीतला भलताच जीव आत शिरला. वसाहतीच्या मंडळानं सांगून टाकलं, परवापर्यंत तारा थांबल्या नाहीत तर भट्टी कायमची बंद. मग बसा नळीतला लगदा चोखत!

"घाण म्हणे! यांच्या ताटांपेक्षा माझी भट्टी स्वच्छ आहे," आत्या कडाडली. "बोलाव त्या भोपळ्याला."

भोपळ्या म्हणजे प्रयोगशाळेतला गोलमटोल यंत्रमानव. त्याचं खरं नाव लांबलचक आकड्यांचं होतं, आत्यानं ते पहिल्याच दिवशी मोडीत काढलं. त्यानं पावाचा कण सूक्ष्मदर्शकाखाली धरला.

"बॅसिलस सबटिलिस," तो म्हणाला. "काठीच्या आकाराचा जीवाणू (एकाच पेशीचा, डोळ्यांना न दिसणारा जीव). जिवंत आहे."

"जिवंत?" शलाका गोंधळली. "पण पाव तर भट्टीतून निघालाय!"

"साल कडक भाजते. आतला गर ओला असतो. ओल आहे तोवर तो उकळत्या पाण्याहून जास्त तापत नाही."

"मग उकळत्या पाण्यात तरी मरायला हवा ना?"

"जागा असता तर मेला असता. पण खाणं संपलं, दिवस वाईट आले की हा बीजाणू होऊन बसतो (आपल्याभोवती उकळीही सोसणारी जाड कवचं चढवून निपचित पडलेला जीवाणू). तेव्हा तो खात नाही, वाढत नाही."

"खात नाही, वाढत नाही, म्हणजे मेलाच की रे!" आत्या म्हणाली.

"नाही आत्याबाई. पाव निवतो, आत ओल आणि ऊब असते. मग तो कवच फोडून उठतो आणि खायला लागतो."

मेलेला नाही, जागा नाही, झोपलेलाही धड नाही. शलाकाचं डोकं गरगरलं. "पण आला कुठून? चंद्राच्या धुळीतून?"

"त्या धुळीत काही जगत नाही. हा आपल्या पृथ्वीच्या मातीतला. हरितगृहात आपण तीच माती आणली. मातीतून गव्हावर, गव्हावरून पिठात."

"मग भाजून काढा ती माती! आत्ताच्या आत्ता!" आत्या म्हणाली.

"भाजली तर मुळांना मदत करणारे बाकीचे जीवाणू आधी मरतील आणि हा कवचात बसून राहील. शिवाय मुळांजवळ राहून रोगट बुरशीला हाच अडवतो. आणि तुमच्या पदरावरचे दुधाचे डाग निघतात ना, तेही याच्याच जिवावर."

आत्यानं पदराकडे असं पाहिलं, जणू तिथे विंचू बसलाय.

"चांगला का वाईट, एक काय ते सांग!" शलाका रडकुंडीला आली.

"त्याला दोन्ही माहीत नाही. त्याला भूक माहीत आहे. तोंड नाही, म्हणून तो विकरं बाहेर सोडतो (मोठ्या रेणूंचे बारीक तुकडे करणारी पेशीची कात्री). ती पावातला स्टार्च आणि प्रथिनं कापतात, वर त्याचा स्वतःचा बुळबुळीत चिकटा, म्हणून तार. कारखान्यात त्याला मोठ्या टाक्यांत वाढवतात, विकरं गाळून घेतात आणि धुण्याच्या पावडरीत घालतात. तिथे तीच कात्री डाग कापते. जपानात तर याचंच एक भावंड उकडलेल्या सोयाबीनवर मुद्दाम वाढवतात. त्या तारा लोक आवडीनं खातात."

"खाऊ देत. माझ्या पावात नको."

शलाकानं तो चिकट तुकडा पुन्हा हातात घेतला. कात्री एकच. कपड्यावर चालली की काम, पावावर चालली की नासधूस. आणि कात्री चालवणारा उठला तरच ती चालणार!

"भोपळ्या, मारायचं राहू दे. तो उठू नये म्हणून काय करायचं?"

"कोरडं ठेवा, गार ठेवा, नाहीतर आंबट करा. आंबटात त्याची वाढ होत नाही."

"आत्या, ताक!"

"पावात ताक? तो काय ढोकळा आहे?" आत्या फणकारली. पण बंद भट्टीपुढे बसायची कल्पना तिला सोसवेना. भुकटीच्या दुधाचं आंबलेलं ताक तिनं स्वतःच्या हातानं पिठात ओतलं. भोपळ्यानं बिनताकाचाही एक पाव भाजायला लावला. त्याशिवाय फरक ताकानंच पडला हे कळणार कसं? दोन्ही पाव उबेला एकाच फळीवर ठेवले.

ठरल्या दिवशी मंडळ आलं. बिनताकाचा पाव मोडला, तारा लोंबल्या. ताकाचा शलाकानं मोडला. गर भुसभुशीत, कोरडा तुटला. एकही धागा नाही.

"जरा आंबट लागतो," मंडळाचे प्रमुख चावत म्हणाले.

"चव आहे ती! नळीतला लगदा आणू?" आत्यानं विचारलं.

ते दुसरा तुकडा घेऊन निघाले. भट्टी राहिली.

"पुढची वसाहत मंगळावर व्हायची आहे," शलाका म्हणाली. "हा तिथेही जाईल?"

"माती नेली तर जाणारच," भोपळ्या म्हणाला. "तिथे काय करील ते अजून कुणालाच ठाऊक नाही."

आत्यानं नव्या पिठात हात घातले. "मग उतरल्या उतरल्या त्याला कामाला जुंपा म्हणावं. नुसता सोडला की दुसऱ्याचा पाव नासवतो मेला."