साहेबाच्या दगडाचा कौल

मी वकील आहे. पुराव्याशिवाय बोलणाऱ्याची बेळगावच्या कोर्टात मी कधी गय केली नाही, आणि घरी बायकोने, वासंतीने, नवससायासाचं काही काढलं की तिचीही करत नाही. तेव्हा पुढचं मी जसं पाहिलं तसं सांगतो. त्याचा अर्थ मला विचारू नका.

सत्तेचाळीस साली दसरा उलटल्यावर जांबोटीच्या वाटेवरच्या एका गावचे पाटील, मारुतीराव, माझ्याकडे आले. गावाच्या वेशीवर साहेबाचा दगड आहे, तो गावातल्या तरण्यांना फोडायचा आहे. फोडला तर सरकार खटला भरेल का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. सरकार आता आपलंच आहे, मी म्हणालो, पण जागा बघून सांगतो. खरं म्हणजे पावसाळाभर घरात कोंडून राहून मी कंटाळलो होतो.

दगड काळा, छातीएवढा उंच. मागून डोंगराच्या दरडीत चुन्याने पक्का बसवलेला, त्यामुळे त्याची एकच बाजू दिसायची. वर इंग्रजीत आणि खाली मराठीत कोरलं होतं, की दरोडेखोर भरमू याच्या टोळीशी लढताना कॅप्टन हार्वी इथे पडला. भरमू दरोडेखोर नव्हता हे गावाला ठाऊक होतं. शेतसाऱ्यापायी लोकांच्या म्हशी सोडून नेणाऱ्या शिपायांना त्याने जंगलात अडवलं होतं. पण गावची पोरं अक्षरं शिकायची ती याच दगडावर, आणि भरमूच्या घराला अजून दरोडेखोराचं घर म्हणत.

पहारी घेऊन तरणे तयार होते. त्यांना अडवायला दगडाला पाठ लावून बसली होती ती भरमूचीच लेक, जयाबाई. सत्तरी ओलांडलेली, काटक बाई. मला वाटलं होतं, पहिला घाव तीच घालेल.

"आप्पा गेला तवा मी आईच्या पोटात व्हते," ती मला म्हणाली. "जित्ता हाय का मेला, कुनी सांगितलं न्हाय. आईनं मरस्तवर कुंकू पुसलं न्हाय, आन् त्येचं श्राद्धबी कदी घातलं न्हाय. त्येचं नाव ह्या जगात येवढ्या एका जागी हाय. वंगाळ लिवलंया, पर हाय."

यावर कायद्यात कलम नाही.

शेवटी देवीला विचारायचं ठरलं. त्या भागात कौल लावतात. देवीच्या मूर्तीवर उजवीकडे आणि डावीकडे फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवायची आणि प्रश्न घालायचा. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मष्णू गुरवाने गावदेवी सातेरीला गाऱ्हाणं घातलं, पाकळ्या लावल्या आणि आम्ही वाट बघत बसलो. ऊन कलंडलं, पाकळ्या सुकून सुरकुतल्या, पण एकही सुटेना. हवेत दमटपणा आहे, असं मी स्वतःला सांगितलं. मष्णूचा चेहरा मात्र उतरला. असं त्याच्या बापाच्या वेळीही झालं नव्हतं. हा न्याय आपल्याकडे नाही असंच देवी म्हणतेय, असं तो म्हणाला.

"मग ज्येचा त्येला इचारा की," जयाबाई म्हणाली.

साहेबाच्या दगडाला कौल! तरणे हसले, मीही हसलो. पण म्हातारीचा शब्द मोडवेना, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे दगडापाशी जमलो. मष्णूने जास्वंदीच्या दोन पाकळ्या भिजवून लावल्या आणि विचारलं, फोडायचा का?

मी हाताच्या अंतरावर उभा होतो. ऊन थेट दगडावर होतं, वारा नव्हता. कुंपणातले पक्षी कधी गप्प झाले ते कळलं नाही.

आणि पाकळ्या दगडावर नव्हत्या.

पडल्या असं मी म्हणणार नाही, कारण पडताना त्या कुणीच पाहिल्या नाहीत. आम्ही गवत चाळलं. मारुतीरावांनी धोतराच्या निऱ्यासुद्धा झटकल्या. दगडावर दोन ओले डाग होते, तेही हळूहळू आत मुरले.

मग दरडीच्या आतून आवाज यायला लागला. बारीक, एका लयीत. पाथरवट टाकी चालवतो तसा.

"फोडू नगा," जयाबाई म्हणाली. "खना."

चुना निघाला. मागची माती घट्ट होती, झाडाच्या मुळांनी विणलेली. तिला कुणी हात लावला नव्हता, हे मी कोर्टात शपथेवर सांगेन. आवाज थांबला होता.

दोर लावून दगड पुढे ओढला.

मागच्या बाजूला वीरगळ कोरलेला होता. आपल्याकडे ते जागोजागी आहेत. खाली लढाई, मधे वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, आणि सगळ्यात वर, पिंडीपुढे हात जोडून बसलेला तो वीर. गावचाच जुना वीरगळ पाठमोरा करून साहेबासाठी वापरला होता तर. मला जरा बरं वाटलं. काहीतरी समजत होतं.

मग मी वर पाहिलं.

पिंडीपुढे दोघं बसले होते. एकाला मुंडासं. त्याच्या खांद्याला खांदा लावून बसलेल्याच्या डोक्यावर साहेबी टोपी. कोरीव काम झिजलेलं होतं, शेकडो वर्षांचं.

दोघांच्या जोडलेल्या हातांत एकेक पाकळी होती. ओली.

जयाबाईने मुंडाशाच्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं. "पोचला गं आई," ती म्हणाली, "आप्पा पोचला." आणि ती रडली, आणि मलाही आवरलं नाही.

फोडायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. दोन्ही बाजू दिसाव्यात म्हणून दगड मोकळ्या जागेत उभा केला. खड्डा त्याच तरण्यांनी खणला. दरोडेखोर हा शब्द तरी तासून टाकू, असं मारुतीराव म्हणाले.

"ऱ्हाऊ दे," जयाबाई म्हणाली. "वाचतील, आन् मग मागं येऊन बघतील."

तिने बापाचं पहिलं श्राद्ध घातलं, गावजेवण झालं. भरमूच्या नातवंडांच्या पंगतीला लोक आपणहून जाऊन बसले. मी निघताना ती दगडापाशीच होती. लई खेटून बसलेत दोघं, मला म्हणाली, बापाशेजारी लेकीला जागा ठेवली नाही. आम्ही दोघंही हसलो.

मार्गशीर्षात मी वासंतीला घेऊन पुन्हा गेलो. जयाबाई ठणठणीत होती, दगडाच्या सावलीत पावट्याच्या शेंगा सोलत होती. वासंती वरच्या कोरीव कामाकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "हे खेटून बसलेत असं तुम्ही म्हणाला होतात ना?"

साहेब सरकला होता. त्याच्या आणि भरमूच्या मधे एका माणसापुरती जागा होती.

"घाई न्हाय म्हनावं," जयाबाई खाली मान घालूनच म्हणाली. "यंदा पावटा लई आलाय."

मी त्या जागेवर बोट ठेवलं. तिथला दगडही झिजलेला होता, बाकी कोरीव कामाइतकाच जुना.