जाण्याचा हक्क, थांबण्याचा नाही

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर राहिलं. पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडलंय. आणि मावशी भुताला घाबरणारी बाई नव्हे, भूतच तिच्या जिभेला घाबरून पळ काढेल. रात्रीबित्रीचं, अमावस्येचं यात काही नाही. सुरुवातच दिवसाउजेडी झाली, शिलाई मशीन चालू असताना.

मावशी शिवणकाम करते. तिच्या घराच्या कडेने एक बोळ होता, रस्त्यापासून थेट मागच्या घराच्या दारापर्यंत. वर पत्रा, दोन्ही बाजूंना भिंती. खाट टाकली तर बाजूने एक माणूस जेमतेम जाईल एवढी रुंदी. बोळ मावशीच्या मालकीचा, पण त्यातून ये-जा करायचा हक्क मागच्या घराचा. खरेदीच्या कागदातच तसं होतं.

मागच्या घरात घड्याळं दुरुस्त करणारे एक म्हातारे एकटे राहायचे. सगळे त्यांना घड्याळकाका म्हणायचे. दुपारी काठी टेकत, कोरडं खोकत बोळातून बाहेर पडायचे, दिवेलागणीला परत. त्यांच्या घराला पलीकडून चांगला रस्ता होता. तरी बोळातूनच.

"काका, तुम्हाला पलीकडून जवळ नाही का पडत?" मावशीने एकदा विचारलं.

"पडतं की. पण वापरला नाही तर हक्क मरतो, बाई."

एका दुपारी ऊन मी म्हणत होतं. मावशी म्हणाली, "टेका जरा, पाणी देते."

म्हातारा उभ्या उभ्याच हसला. "मला इथून जाण्याचा हक्क आहे. थांबण्याचा नाही."

"अहो, मी देते ना परवानगी!"

"परवानगी आज द्याल, उद्या काढून घ्याल. मला ती नको."

असा एकेक नमुना असतो बघा. मावशीने बोळात बादली जरी ठेवली, तरी ती काठीने अलगद कडेला सारायचे आणि पुढे जायचे.

मग काका गेले. म्हातारपणच ते, झोपेतच गेले.

काही दिवस बोळ शांत होता. मग एका दुपारी मावशी बाही जोडत बसली होती आणि…

टक. टक. टक.

मग तोच कोरडा खोकला. पावलं रस्त्याकडे गेली.

मावशीने बाहेर डोकावलं. बोळ रिकामा.

दिवेलागणीला काठी परत आली. टक. टक. टक. दुसऱ्या दिवशीही तेच. "कानाला सवय लागलीय मेली," असं म्हणून मावशीने मशीन जोरात चालवायला सुरुवात केली.

तशात लेक घरी आली. नवऱ्याचं घर कायमचं सोडून, कडेवर तान्ही पोर घेऊन. घर दोन खोल्यांचं. एकीत मशीन, कापडाचे गठ्ठे आणि गिऱ्हाईकं, दुसरीत चूल. लेक म्हणायची, "आई, मी दुसरीकडे कुठेतरी बघते." ते ऐकून मावशीचं आतडं तुटायचं. पोरीला एकदा परक्या घरी पाठवून बघितलं होतं, आता पुन्हा नाही.

बोळ बंद केला तर एक खोली निघत होती.

वकीलबाई म्हणाल्या, "मागच्या घराच्या मालकाने हक्क सोडून दिला की बोळ पूर्ण तुमचा." काकांचा मुलगा घर विकायला आलाच होता. त्याने हसत हसत सही केली. "घ्या मावशी. बाबांचं एक खूळ होतं ते."

कायद्याने सगळं चोख झालं.

दुसऱ्याच दिवशी गवंडी आला. विटा रचल्या, माल कालवला. मावशी म्हणाली, "थांब रे जरा."

"कशाला?"

"कुणीतरी जायचंय अजून."

गवंडी तिच्या तोंडाकडे बघतच राहिला. एवढ्यात काठी वाजली. मावशीने ती रस्त्यावर जाईपर्यंत कान देऊन ऐकलं. गेला एकदाचा बाहेर! परत आला की भिंत दिसेल, मुकाट्याने माघारी फिरेल, असा तिचा हिशोब.

"लाव आता विटा," ती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत मागचं तोंड बंद झालं. पुढचं दार दुसऱ्या दिवशी बसायचं होतं.

दिवेलागणीला काठी आली. टक. टक. टक…

भिंतीपाशी थांबली.

मावशी हातातली सुई तशीच धरून बसून राहिली. आता फिरेल… आता फिरेल…

काठी माघारी गेलीच नाही.

सकाळी दार बसलं. आत खाट आली, पाळणा आला. लेकीच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी हसू दिसलं. पण दुसऱ्याच सकाळी पाळणा कडेला सरकलेला. मग खाट, मग कपड्यांची पेटी. सगळं एका भिंतीला चिकटलेलं, आणि दुसऱ्या भिंतीलगत एका माणसापुरती वाट मोकळी.

पोर पाळण्यात पडल्या पडल्या मागच्या भिंतीकडे बघायची आणि खुदकन हसायची. नजर कुठे? जमिनीवर नाही. माणसाच्या तोंडाएवढ्या उंचीवर.

"आई," लेक एकदा हळूच म्हणाली, "इथे सारखं कुणीतरी उभं असतं गं. बसत नाही. नुसतं उभं."

त्याच दिवशी मावशीने भिंत फोडून घेतली आणि मागे दार बसवलं. दार सताड उघडलं. हात जोडले. "जा काका, घरी जा. माझी काही ना नाही."

काहीच नाही…

मग तिच्या कानाशी कोरडा खोकला.

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. परवानगी त्यांना नको होती. आणि हक्क? तो तर तिनेच सोडवून घेतला होता.

ती तशीच वकीलबाईंकडे धावली. "मला तो हक्क परत लिहून द्यायचाय."

"कुणाला?"

मागच्या जागेचा नवा मालक तर "नको ती भानगड" म्हणून मोकळा झाला. तोवर त्याने काकांचं घर पाडलं होतं आणि इमारतीच्या पायासाठी खोल खड्डा खणला होता. खड्ड्यात पाणी साचलेलं. तो खड्डा मावशीच्या नव्या दाराच्या अगदी उंबऱ्यापर्यंत आलेला.

"आणि मेलेल्या माणसाच्या नावाने दस्त होत नाही, ताई," वकीलबाई म्हणाल्या.

मावशीने मागच्या दाराला कडी घातली, वर कुलूप ठोकलं. पुन्हा भिंत बांध म्हणून गवंड्याच्या मागे लागली. तो "येतो, येतो" म्हणतो. अजून आलेला नाही.

लेक खोली सोडून जायला तयार होती. पण जाणार कुठे?

मागच्या महिन्यात पोर चालायला लागली.

पहिलं पाऊल तिने त्याच खोलीत टाकलं, दिवेलागणीला. लेक आनंदाने ओरडली, मावशी कात्री टाकून धावत आली. आणि दोघी जागीच थिजल्या.

पोर त्या मोकळ्या वाटेने मागच्या दाराकडे निघाली होती. एक हात वर. मूठ घट्ट मिटलेली, कुणाचं तरी बोट धरल्यासारखी.

टक. टक. टक.

मालकिणीच्या नातीला तिथून जायला कुणाची परवानगी लागत नाही. आणि तिनेच कुणाला बरोबर नेलं तर?

मावशीने झडप घालून तिला उचललं. पोर ऊर फुटेस्तोवर रडली, दाराकडे हात करून. आता रोज दिवेलागणीला ती रडते. ओसरीवर ठेवा, शेजारी न्या, तरी त्या दाराकडेच ओढ घेते.

कुलूप दोनदा जमिनीवर पडलेलं सापडलं. म्हणून मावशीने तिची लोखंडी पायांची मशीनच त्या दाराला लावून ठेवली. ती हलवायला दोन माणसं लागतात.

काल मावशीचा फोन आला. आवाज इतका बारीक, की मी ओळखलाच नाही.

मशीन सकाळी निम्मी कडेला सरकलेली होती.