ठकीची डिस्क

एका इस्पितळाच्या कॉम्प्युटर विभागात मी चोवीस वर्षं काढली. खोली तळमजल्यावर, एक्स-रे विभागाच्या मागच्या बाजूला. खिडकी नव्हती. फरशीखालून गार हवा यायची, त्यामुळे भर उन्हाळ्यातही आम्ही स्वेटर घालून बसायचो. मशीनची घरघर इतकी अंगवळणी पडली होती, की सुट्टीच्या दिवशी घरात काहीतरी बंद पडल्यासारखं वाटायचं.

माझ्या धाकट्या भावाची बायको माझ्यामागून त्याच खोलीत कामाला लागली. घरी ती मला ताई म्हणायची, पण खोलीत मात्र मुद्दाम, चिडवायला, "वन्सं". "वन्सं, तुमच्या मशीनला ताप आलाय. कपाळाला हात लावून बघा." असं म्हणून स्वतःच आधी हसायची. तिच्याशिवाय मला त्या नावानं कुणी कधी हाक मारली नाही.

आमचं मुख्य काम एक्स-रेची चित्रं साठवायचं. चित्रं वाढत जायची आणि एक डिस्क पुरायची नाही. मग पाच-सहा डिस्कचा मिळून एक गट करायचा. मशीनला ती सगळी एकच मोठी जागा वाटते, आणि त्यातून पाहिजे तेवढी कापून घेता येते. पण डिस्क गटात घेण्याआधी ती तयार करावी लागते. तयार करायची म्हणजे तिच्या सुरुवातीला मशीननं आपली खूण लिहायची. आधीचं जे काही असेल, ते गेलं.

यात एक खोच होती. मशीन डिस्कना स्वतःच नावं द्यायचं, पहिली, दुसरी, तिसरी. बंद करून परत चालू केलं की तो क्रम बदलू शकायचा. काल तिसरी होती ती आज चौथी. म्हणून आम्ही दोघींनी एक रीत पाडली होती. एकीनं रॅकपाशी उभं राहून डिस्कच्या लेबलवरचे शेवटचे चार आकडे मोठ्यानं वाचायचे. दुसरीनं पडद्यावर दिसणारे आकडे वाचून दाखवायचे. दोन्ही जुळले, की पहिलीनं "हो" म्हणायचं. त्या "हो"शिवाय कळ दाबायची नाही. सात वर्षांत आमची एकही डिस्क चुकली नाही.

मग भावजयीला आजार निघाला. तेव्हा ती एकतीस वर्षांची होती आणि तिची मुलगी पाच. मुलीला सगळे ठकी म्हणायचे. भावजयीनं एक सुटी डिस्क मागून घेतली आणि जेवणाच्या सुट्टीत कोपऱ्यातल्या मशीनवर माईक लावून बोलायला लागली. ठकीसाठी. मी जवळ गेले की थांबायची.

"वन्सं, हे तुमच्यासाठी नाही. तुम्ही ऐकाल, रडाल, आणि मशीनवर पाणी सांडलेलं चालत नाही."

ती गेल्यावर तीन आठवड्यांनी भाऊ म्हणाला, "ताई, तेवढं तिचं बोलणं कॅसेटवर घेऊन दे. पोरगी जेवत नाही गं."

मी ती डिस्क रॅकमध्ये लावली. त्याच दिवशी एक्स-रेची जागा भरली. दुसऱ्या विभागातून तीन वापरलेल्या डिस्क आल्या, त्या तातडीनं तयार करायच्या होत्या. मशीन बंद करून चालू करावं लागलं. खोलीत मी एकटी. मी रॅकपाशी जाऊन आकडे वाचले, खुर्चीत येऊन पडद्यावरचे वाचले, आणि "हो"ही मीच म्हटलं. प्रत्येक वेळी मशीन विचारायचं, यावर आधीचं काहीतरी आहे, पुसू का? डिस्क वापरलेल्याच होत्या, त्यावर काहीतरी असणारच. मी तिन्ही वेळा होकार दिला.

संध्याकाळी कॅसेट करायला बसले तेव्हा कळलं, की दुसऱ्या विभागातल्या तीन डिस्कपैकी एक अजून तशीच आहे. तोपर्यंत भावजयीच्या डिस्कवर दीडशे लोकांच्या छात्या आणि मणके लिहून झाले होते.

"डिस्क खराब निघाली," मी भावाला सांगितलं. त्यानं ते लगेच खरं मानलं. तेच जास्त लागलं.

ती डिस्क बारा वर्षं चालली. तिच्या बरोबरच्या चार बिघडल्या, ती नाही. शेवटी डिस्कचं ते सगळं कपाटच काढायचं ठरलं. ठकी तेव्हा सतराची. शिकायला परगावी निघाली होती, त्याआधी एका दुपारी खोलीवर आली.

"आत्या, आई इथंच बसायची ना?" तिनं कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "बाबा म्हणतात डिस्क खराब होती. पण थोडंसं पण नाही का गं निघालं? एखादं वाक्य तरी?"

काम संपलं की तिला खरं सांगायचं, असं मी ठरवलं. यापुढे ते खोटं मला पेलवलं नसतं.

"रॅकपाशी उभी राहा," मी म्हटलं. "मी सांगेन त्या डिस्कचे आकडे वाच."

जुन्या डिस्कवरची चित्रं नव्यांवर सरकवून झाली होती. एकेक डिस्क गटातून काढून तिची खूण पुसायची, एवढंच उरलं होतं. ती डिस्क मी शेवटी ठेवली. ती मोकळी झाली होती, गटातून निघाली होती, तरी तिचा हिरवा दिवा लुकलुकत होता. जुनं मशीन आहे, मी मनाशी म्हटलं.

ठकीनं आकडे वाचले. मी पडद्यावरचे म्हटले.

"हो."

मी कळ दाबली.

"आत्या," ठकी म्हणाली, "मी अजून हो म्हटलं नव्हतं."

मी मागे वळले नाही. पडद्यावर मशीननं नकार दिला होता. ही डिस्क एका गटात आहे, काढता येत नाही. गटाचं नाव पुढं लिहिलं होतं. ठकी.

असा गट मी केला नव्हता. त्या मशीनवर हात चालवणारं माझ्याशिवाय कुणी उरलंही नव्हतं. मी यादी दोनदा काढून पाहिली. त्या गटात एकच डिस्क होती, पूर्ण भरलेली. उघडून पाहिली, तर आत आवाजाची एकच फाइल.

फाइलवर तारीख आम्ही बसलो होतो त्याच दिवसाची होती. वेळ दोन वाजून दहा मिनिटं.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन दहा.

पुन्हा यादी काढली. आता फाइलवर दोन अकरा.

मी हेडफोन जोडला, तोच ठकीनं तो माझ्या हातातून घेतला आणि कानाला लावला. मी तिला अडवायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ती खाली मान घालून ऐकत बसली. मध्येच हसली. मध्येच "नाही, मोजे घेतलेत," असं पुटपुटली. थोडं थांबून, "दोन जोड."

चाळीस मिनिटांनी तिनं हेडफोन काढला.

"ठकी, ती डिस्क मीच पुसली होती. खराब नव्हती."

"माहितेय. सांगितलं तिनं."

"काय सांगितलं?"

"वन्सं एकट्या होत्या म्हणाली. त्यांना बोल लावू नकोस." मग तिनं विचारलं, "वन्सं म्हणजे तूच ना गं?"

मी हेडफोन लावून पाहिला. मला फक्त पंख्याची घरघर ऐकू आली.

कपाट भंगारात गेलं. ती डिस्क ठकी बुटांच्या खोक्यात घालून घेऊन गेली. मी कुठल्याच कागदावर तिची नोंद केली नाही.

त्याला आता चौदा वर्षं झाली. यंदा ठकीला एकतीस पूर्ण झाली. मागच्या आठवड्यात तिच्याकडे राहायला गेले होते. दुपारी गारवा वाटला म्हणून शाल घ्यायला मी तिचं लोखंडी कपाट उघडलं. मधल्या कप्प्यात, घडी केलेल्या टॉवेलवर ती डिस्क होती. वायर नाही, प्लग नाही. तसली डिस्क जोडता येईल असं मशीन तर आता मिळतही नाही.

कपाटाचं दार हाताला गारेगार लागत होतं. मी डिस्कवर बोटं टेकवली. ती कोमट होती, आणि आत काहीतरी बारीक फिरत होतं.

ठकी कधी मागे येऊन उभी राहिली ते कळलं नाही. तिनं माझा हात अलगद बाजूला केला.

"एक मिनिट थांब आत्या," ती दबक्या आवाजात म्हणाली. "तिचं बोलणं पुरं व्हायचंय."

आणि मान जरा तिरकी करून, अधूनमधून होकार भरत, ती कपाटासमोर उभी राहिली.