विठाबाईची साक्ष

शेवंताची वेणी घालता घालता विठाबाईचे हात थांबले. दारात उभा राहून तिचा लेक निवृत्ती पुन्हा तेच पढवत होता.

"आई, कोर्टात एवढंच सांग. पोर तान्ही होती तवापासून तूच सांभाळली. कलीला कधी सवड नव्हती."

यात खोटं काय होतं? काहीच नाही! मखमलाबादच्या त्या मळ्यात रीतच तशी होती. झुंजुमुंजू व्हायच्या आत सुनेनं गुलाब खुडायचे, पाट्या भरून नाशकात गोदाकाठच्या फूलबाजारात जाऊन बसायचं आणि घरी सासूनं पोर राखायची. कलाबाईला बाजाराला धाडलं होतं ते विठाबाईनंच. शेवंता आजीलाच 'आई' म्हणायची, आणि जिनं जन्म दिला तिला, मळ्यावरच्या गड्यांचं ऐकून, 'वहिनी'! त्या हाकेनं सुनेचा चेहरा कसा उतरायचा ते विठाबाईनं पाहिलं होतं... आणि मनातल्या मनात सुखावून दुसरीकडे तोंड फिरवलं होतं.

आता त्याच रीतीचा फास सुनेच्या गळ्याला लागत होता. निवृत्तीनं मालेगावकडची एक बाई घरात आणायचं ठरवलं, तेव्हा कलाबाईनं फारकत मागितली. ती त्यालाही हवीच होती. अडलं होतं पोरीवर. विठाबाईच्या नवऱ्यानं मरण्याआधी विहिरीजवळचा गुलाबाचा तुकडा नातीच्या नावे केला होता, आणि वकिलानं निवृत्तीला समजावलं होतं की पोर ज्याच्या ताब्यात, त्या तुकड्याचा कारभार त्याच्या हातात. नाहीतर ज्या बापानं सात वर्षांत लेकीला कधी कडेवर घेतलं नाही, त्याला एकाएकी कसलं प्रेमाचं भरतं आलं होतं!

"अन् ती नवी बाई हिला बघंल का रं?" विठाबाईनं विचारलं.

"तू हायेस की! तुझ्यामागं... बघू. पोरीची जात, हाताखाली कामाला होईल."

विठाबाईनं वेणीला रिबीन बांधली. हल्ली खोकल्याची उबळ आली की तिला भिंत धरावी लागे. 'तुझ्यामागं' म्हणजे फार लांबची गोष्ट नव्हती.

एकोणऐंशी सालची थंडी होती. नाशिकच्या कोर्टात विठाबाई पिंजऱ्यात उभी राहिली. समोरच्या बाकावर कलाबाई मान खाली घालून बसली होती, शेजारी शेवंता. विठाबाईनं देवाची शपथ घेतली. निवृत्तीच्या वकिलानं हसून विचारलं, "आजी, या मुलीला कुणी वाढवलं?"

"तिच्या आईनं."

वकील गडबडला. "अहो, पण मुलगी तुमच्याच कुशीत झोपते ना?"

"झोपायची. मला नाय आवडायचं. म्हातारपणी कुणाला पायजे ती कटकट?"

न्यायाधीशांनी वर पाहिलं. "मुलगी तुमच्या घरी राहिली, तर सांभाळाल?"

"नाय साहेब..." तिनं शेवंताकडं पाहायचं टाळलं. "मला नको ती पोर!"

शेवंता उठून धावत आली आणि तिचा पदर धरून रडू लागली. ज्या हातांनी सकाळी वेणी घातली होती, त्याच हातांनी विठाबाईनं पदर हिसकून घेतला. पोर थिजल्यासारखी उभी राहिली. हे देवा, असली घडी वैऱ्यावरही येऊ नये!

पक्का निकाल लागेपर्यंत मुलगी आईकडे राहील, असं कोर्टानं सांगितलं. पुढं काय होणार ते वकिलाच्या पडलेल्या तोंडावरून दिसतच होतं.

बाहेर शेवंता लांब पायरीवर पाठ फिरवून बसली होती. कलाबाई खांबाआड सासूजवळ आली.

"आत्याबाई, माझ्यासाठी खोटी शपथ घेतलीत! गोवरात तिला रात्र रात्र मांडीवर घेऊन बसलात, ते मी विसरले का? चला माझ्याबरोबर. सातपूरला भावानं खोली दिलीय."

"येडी का काय? मी तुझ्या दारात दिसले तर उद्या वकील म्हणंल, म्हातारी खोटं बोलली. पोर वढून नेतील. तिला माझ्याकडं आणायचं नाय. विचारलं तर सांग, आजी दुष्ट होती."

"असं कसं सांगू हो?"

"सांगायचं! कले, तुझी पोर मी सात वरसं माझी म्हणून मिरवली. तुला काय वाटायचं ते मला चांगलं ठावं होतं. तुझं तुला देते, उपकार नाय करत."

तेवढ्यात निवृत्ती वकिलाबरोबर बाहेर आला. सगळ्यांदेखत सासूच्या पाया पडायची सोय उरली नाही. कलाबाईनं शेवंताला जवळ बोलावलं, तिच्या सँडलचा पट्टा लावायला म्हणून वाकली, आणि वाकल्या वाकल्या तिची बोटं विठाबाईच्या पायांना लागली... क्षणभरच.

आशीर्वाद ओठांपर्यंत आला होता. विठाबाई खेकसली, "सरक बाजूला! वाट आडवू नको."

शेवंतानं रडून लाल झालेल्या डोळ्यांनी तिच्याकडे रागानं पाहिलं आणि आईचा हात ओढला, "चल ना गं, मला इथं नाय थांबायचं." दोघी पायऱ्या उतरून गर्दीत शिरल्या. पोरीनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही, आणि तिनं पाहू नये म्हणून विठाबाई ओठ घट्ट मिटून उभी राहिली.